एचआरटी घ्यायची की नाही: ठरवायचं कसं, पायरीपायरीने

एचआरटी (मेनोपॉजच्या, म्हणजे पाळी जाण्याच्या त्रासावर दिलं जाणारं हार्मोनचं औषध) घेऊ का, असं कुणालाही विचारलं की उत्तर एका वाक्यात मिळतं. "घे, बरं वाटेल" नाहीतर "नको गं, कॅन्सर होतो". दोन्ही उत्तरं देणारे तुमचं वय विचारत नाहीत, पिशवी (गर्भाशय) आहे की काढलीय ते विचारत नाहीत, त्रास नेमका कसला होतोय तेही नाही, आणि सगळं ठरतं ते या तीन गोष्टींवरच. मी यातून गेलेय, औषध चालू आहे, त्यामुळे कुठल्या क्रमाने विचार केला तर डोक्याचा गोंधळ कमी होतो ते ओळीने लिहितेय. डॉक्टर नाही मी, तेव्हा हे वाचून थेट दुकानातून गोळ्या आणू नका, डॉक्टरांसमोर बसायच्या आधीची तयारी म्हणून वाचा.

१. हे मेनोपॉजचंच आहे ना, ते आधी बघा

सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात. बहुतेकींचं हे ४५ ते ५५ या वयात होतं. त्रास मात्र त्याच्या बराच आधी, पाळी मागेपुढे व्हायला लागते तेव्हाच सुरू होतो, त्या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात आणि तो काही वर्षं चालतो. औषध सुरू करायला पाळी पूर्ण थांबायची वाट बघावी लागत नाही, हे कितीतरी जणींना माहीतच नसतं, नुसत्या सोसत बसतात.

पंचेचाळिशीच्या पुढे असाल, पाळी अनियमित झाली असेल आणि अंगातून गरम वाफा निघत असतील तर हार्मोनच्या रक्ततपासणीची सहसा गरज नसते. एफएसएच (मेनोपॉज ओळखायला रक्तात बघतात ते हार्मोन) या काळात आज वर असतं, पुढच्या महिन्यात खाली येतं, एका रिपोर्टवरून काही कळत नाही. लाळेची तपासणी करून "तुमचा हार्मोन बॅलन्स" सांगणारी पॅकेजेस असतात ती तर सोडूनच द्या. पण थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर जरूर बघून घ्या, कारण धडधड, घाम, थकवा, केस गळणं हे सगळं थायरॉइडनेही होतं आणि मग आपण भलत्याच गोष्टीवर उपचार करत बसतो.

दोन जणींनी इथेच थांबून वेगळा रस्ता धरायचा. ज्यांची पाळी चाळिशीच्या आत थांबली त्यांनी तपासण्या करायच्याच, आणि त्यांचं गणितही उलटं असतं. इतक्या लवकर इस्ट्रोजेन (अंडाशयात तयार होणारं मुख्य स्त्री-हार्मोन) गेलं तर हाडांचा आणि हृदयाचा धोका वाढतो, म्हणून मोठी अडचण नसेल तर साधारण नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोन घ्यायचाच सल्ला देतात. दुसऱ्या, पाळी थांबून वर्ष उलटलं आणि परत रक्त दिसलं अशा. डाग असला तरी डॉक्टरांकडे जायचं, आधी त्याचं कारण शोधायचं, एचआरटीचा विचार नंतर.

२. दोन-तीन आठवडे त्रास लिहून काढा

डॉक्टरांनी "काय होतंय" विचारलं की आपण "काही बरं वाटत नाही हो" म्हणतो, आणि मग त्यावरून ते तरी काय ठरवणार. मोबाइलमध्ये नाहीतर वहीत रोज चार ओळी टाका: दिवसात किती वेळा वाफा आल्या, रात्री किती वेळा घामाने जाग आली, पाळी असेल तर तारीख, मूड कसा होता, संबंधांच्या वेळी दुखलं का, लघवीला जळजळ, सांधे. आणि शेजारी एक आकडा, ० ते १० मध्ये आज याने किती अडलं. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. दिवसाला दहा वाफा येऊनही मजेत काम करणाऱ्या बायका असतात आणि रात्रीच्या दोनच वाफांनी झोपेचं वाटोळं होऊन ऑफिसात रडणाऱ्याही असतात. औषध घ्यायचं ते अडतंय म्हणून, वाफा किती आल्या ते मोजून नव्हे.

ही वही पुढेही कामाला येते, औषध लागू पडतंय का ते कळायला. का, ते नवव्या पायरीत सांगते.

३. तुमचा त्रास कुठल्या गठ्ठ्यात बसतो

माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

वाफा, रात्रीचा घाम आणि त्यामुळे मोडलेली झोप: इथे एचआरटीइतकं दुसरं काहीच चालत नाही. औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत वाफांची संख्या साधारण ७५ टक्क्यांनी कमी होते असं अभ्यासांत दिसलंय. "थोडे दिवस सोस, जाईल" म्हणणाऱ्यांसाठी सांगते, हा त्रास सरासरी सात वर्षांच्या आसपास चालतो.

फक्त खालचा त्रास, म्हणजे योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचं इन्फेक्शन: यासाठी पूर्ण शरीराला हार्मोन द्यायची गरजच नाही. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम किंवा छोटी गोळी मिळते, सुरुवातीला दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. रक्तात जाणारं प्रमाण अगदी नगण्य, सोबत दुसरं हार्मोन (प्रोजेस्टोजेन, त्याबद्दल सहाव्या पायरीत) घ्यावं लागत नाही, आणि साठीनंतर, सत्तरीतही सुरू करता येतं. वाफा आपोआप ओसरतात, हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, वाढतच जातो, तरी लाजेपायी सगळ्यात कमी सांगितला जाणारा त्रास हाच. गंमत म्हणजे या क्रीमच्या पाकिटात वर्षानुवर्षं गोळ्यांसारखीच हार्ट अटॅक-स्ट्रोकची भीतीदायक चिठ्ठी असायची आणि ती वाचून बायका ट्यूब तशीच ठेवून द्यायच्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ठळक चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं.

चिडचिड, रडू येणं, विसरायला होणं, सांधे आखडणं: मदत होऊ शकते, विशेषतः झोप सुधारली की बाकीचं पाठोपाठ सुधारतं, पण खात्री नाही. खरं डिप्रेशन असेल तर त्याचे उपचार वेगळे, ते एचआरटीवर ढकलू नका.

त्रास काहीच नाही पण हाडं ठिसूळ होऊ नयेत, हार्ट अटॅक येऊ नये, स्मरणशक्ती टिकावी, त्वचा तरुण राहावी म्हणून: हाडांचं खरं आहे, एचआरटीने फ्रॅक्चर कमी होतात, जोवर घेताय तोवर. हृदय किंवा मेंदू वाचवायला म्हणून मात्र हे द्यायचं औषध नाही. आणि त्वचेसाठी कुणी सुचवत असेल तर दुसरा डॉक्टर बघा.

४. कुणी घ्यायची नाही

ही यादी प्रामाणिकपणे वाचा, काही लपवू नका:

- स्तनाचा कॅन्सर आत्ता आहे किंवा होऊन गेलाय, किंवा इस्ट्रोजेनवर वाढणारा दुसरा कॅन्सर
- कारण न सापडलेला रक्तस्राव
- पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी, स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक होऊन गेलाय
- लिव्हरचा चालू आजार
- दिवस गेल्याची शक्यता

यात बसत असाल तर पूर्ण शरीराला जाणारी एचआरटी सहसा नाही, आणि काही अपवाद करायचाच तर तो त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाने. कॅन्सर होऊन गेलेल्यांनी योनीतलं क्रीमसुद्धा कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

याउलट काही गोष्टींनी बायका आपणहून बाद होतात आणि त्या पूर्ण नकार नसतात. बीपी आहे पण गोळीने आटोक्यात आहे, मायग्रेन आहे, डायबेटीस आहे, वजन जास्त आहे, मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. यात प्रकार बदलतो, डोस बदलतो, कधी आधी अजून एक तपासणी लागते, पण दार बंद नसतं. आई, बहीण अशा दोघी-तिघींना किंवा कमी वयात कॅन्सर झाला असेल तर मात्र जनुकीय तपासणीबद्दल आधी बोलून घ्या.

५. कॅन्सरचा आकडा एकदा स्वतः समजून घ्या

इथे जरा वेळ घालवा, कारण सगळी भीती एका बातमीतून आलीय. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा प्रचंड अभ्यास चालू होता, त्यातला १६,००० च्या वर बायकांचा एक भाग जुलै २००२ मध्ये ठरलेल्या वेळेआधीच थांबवला. बातमी झाली, स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो. ऐकून कुणालाही वाटेल शंभरातल्या सव्वीस जणींना होणार, आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या.

तोच आकडा असा मांडून बघा. खोटी गोळी घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, खरी घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. दहा हजारांत आठ जास्त. स्ट्रोक ८ जास्त, फुफ्फुसातली गुठळी ८ जास्त, हार्ट अटॅकसारख्या घटना ७ जास्त, खुब्याचं फ्रॅक्चर ५ कमी आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर ६ कमी.

आता त्या बायका कोण होत्या. वय ५० ते ७९, सरासरी ६३. म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. आणि औषध होतं घोडीच्या लघवीपासून बनवलेलं इस्ट्रोजेन अधिक मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टोजेनचा कृत्रिम प्रकार), तोंडाने घ्यायची गोळी. आज जास्त करून एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन) आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टोजेन) देतात, दोन्ही शरीरातल्यासारखीच. त्याच अभ्यासात पिशवी काढलेल्या बायकांचा वेगळा गट होता, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तो भाग २००४ मध्ये थांबवला, त्यात स्ट्रोक वाढला पण स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही.

म्हणून आताचे मार्गदर्शक नियम वयाची रेघ मारतात. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केली आणि वरच्या यादीत बसत नसाल, तर त्रास असलेल्या बहुतेक बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त. त्यानंतर पहिल्यांदाच सुरू करायची तर हृदय, स्ट्रोक, गुठळी यांचा तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो.

पण उलट्या टोकालाही जाऊ नका, "तो अभ्यास चुकीचाच होता, काही धोका नाही" असं हल्ली सर्रास सांगतात. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरचे अभ्यास एकत्र करून हिशोब छापला गेला: पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि रोजचं प्रोजेस्टोजेन घेतलं तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० बायकांमागे एक जास्तीचा स्तनाचा कॅन्सर, नुसत्या इस्ट्रोजेनला दर २०० मागे एक. धोका आहे, तो किती वर्षं घेताय आणि काय घेताय यावर बदलतो. आणि पन्नासात एक हा आकडा मोठा की छोटा हे दुसरं कुणी तुम्हाला सांगू शकत नाही. जिने आईला या आजारात जाताना पाहिलंय तिला तो मोठा वाटणार आणि ती म्हणाली मला नको, तर तो शहाणाच निर्णय आहे.

६. प्रकार निवडा, "एचआरटी" हे एक औषध नाहीये

पहिला प्रश्न पिशवीचा. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं आणि त्याचा कॅन्सर होऊ शकतो. इथे तडजोड नाही. इस्ट्रोजेनने बरं वाटतंय आणि प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने सुस्ती येते म्हणून कॅप्सूल आपल्या मनाने सोडणाऱ्या बायका मला माहीत आहेत, कृपा करून असं करू नका. पिशवी पूर्ण काढली असेल तर बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, पण ऑपरेशनमध्ये गर्भाशयाचं तोंड ठेवलं असेल किंवा एन्डोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) होता तर तसं सांगा, तेव्हा वेगळा विचार करतात. ऑपरेशनचा कागद शोधून न्या, "काहीतरी काढलंय" यावर काम भागत नाही.

दुसरा प्रश्न, तोंडाने की त्वचेवरून. गोळी लिव्हरमधून जाते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढवते, पॅच किंवा जेलमध्ये नेहमीच्या डोसला तसं वाढलेलं दिसत नाही. म्हणून वजन जास्त असेल, सिगारेट ओढत असाल, मायग्रेन असेल, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वर असतील तर त्वचेवरचं बरं. माझे ट्रायग्लिसराइड्स आधीपासूनच वर, त्यामुळे जेल. गोळी सोपी असते हे मात्र मान्य, जेल वाळेपर्यंत उघड्या मांडीने बसून राहायचा कंटाळा येतो. जेल मांडीला किंवा दंडाला लावतात, छातीला कधीच नाही, हात धुवायचे आणि वाळेपर्यंत लहान मुलांना तिथे अंग लावू द्यायचं नाही. पॅच कमरेखाली, प्रत्येक वेळी जागा बदलून.

प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री झोपताना घ्या, तिने झोप येते, आपला फायदाच. पाळी अजून येत असेल तर ती महिन्यातले १२ ते १४ दिवस देतात, थांबून वर्ष झालं असेल तर रोज. गर्भाशयात बसवायचं हार्मोनवालं साधन, मिरेना, हेही अस्तराचं रक्षण करतं आणि ज्यांना पेरिमेनोपॉजमध्ये भयंकर ब्लीडिंग होतं त्यांचं दोन्ही काम एकात होतं.

"बायोआयडेंटिकल" नावाने खास तुमच्यासाठी घोटून दिलेली क्रीम्स आणि त्वचेखालच्या पेलेट्स मिळतात. डोसवर नियंत्रण नाही, तपासणी नाही. शरीरातल्यासारखंच हार्मोन हवं असेल तर ते मान्यताप्राप्त एस्ट्राडायॉल आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनमध्ये आहेच.

७. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

- त्रासाची वही
- शेवटच्या पाळीची तारीख
- चालू औषधांची पूर्ण यादी, आयुर्वेदिक आणि सप्लिमेंट्स धरून
- पिशवी, अंडाशय, स्तन, पित्ताशय यांच्या जुन्या ऑपरेशनचे किंवा सोनोग्राफीचे कागद
- शेवटची मॅमोग्राफी आणि पॅप स्मिअर
- बीपीचे आकडे, शुगर आणि लिपिडचे रिपोर्ट
- घरच्यांचा इतिहास: कॅन्सर कुणाला, कितव्या वर्षी, गुठळी किंवा स्ट्रोक, आईवडलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का

औषधांची यादी का, तर थायरॉइडची गोळी घेत असाल आणि इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली तर थायरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो, दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघतात. फिटच्या काही गोळ्यांशीही याचं जमत नाही.

विचारायचे प्रश्न लिहूनच न्या, आत गेलं की काही आठवत नाही. मला हाच प्रकार का? माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका कुठला? कधी परत दाखवायचं? यावर "तुम्ही कशाला डोक्याला त्रास करून घेता" असं उत्तर आलं तर दुसरं मत घ्या. एचआरटी देणारी व्यक्ती वर्षभर तुमच्यासोबत असणार आहे, बोलता येईल अशी हवी.

अजून एक, एचआरटी गर्भनिरोधक नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावीच लागते.

८. पहिले तीन महिने

कमी डोसने सुरुवात, आणि निकाल तीन महिन्यांनी. वाफा काही आठवड्यांत कमी व्हायला लागतात, योनीच्या क्रीमला जास्त वेळ लागतो. छाती भरल्यासारखी दुखणं, पोट फुगणं, डोकं दुखणं, मधेच डाग लागणं हे सुरुवातीला होतं आणि बहुतेक ओसरतं. आठवड्यात कंटाळून बंद करू नका. सहा महिन्यांनंतरही रक्त जात असेल किंवा थांबून नव्याने सुरू झालं तर मात्र सोनोग्राफी.

पोटरी एका बाजूला सुजून दुखली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, बोलण्यात किंवा हातापायात एकदम फरक पडला तर औषध बंद आणि सरळ इमर्जन्सी, फोनवर सल्ला विचारत बसायचं नाही.

९. हार्मोन नको असेल किंवा चालत नसेल तर

काहीच उपाय नाही असं नाही. व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन कमी डोसमध्ये, गॅबापेंटिन, ऑक्सिब्युटिनिन यांनी वाफा कमी होतात, एचआरटीइतक्या नाही पण होतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध) घेणाऱ्यांनी पॅरॉक्सेटिन टाळायचं, ते टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतं. मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर काम करणारं फेझोलिनेटंट हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्यात लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. वाफा आणि झोप यांसाठी सीबीटी हा समुपदेशनाचा प्रकारही चालतो. कोरडेपणाला हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट.

जडीबुटीच्या कॅप्सूलबद्दल. वाफांच्या अभ्यासांत खोटी गोळी घेणाऱ्या बायकांच्या वाफासुद्धा निम्म्याच्या वर कमी झालेल्या दिसल्यात. म्हणजे मैत्रिणीला एखाद्या पावडरने बरं वाटलं ते खोटं नाही, पण ते पावडरीनेच झालं असंही नाही. वही यासाठीच: आधी आणि नंतरचे आकडे समोर ठेवून बघायचं, आणि खर्च करावासा वाटतोय का ते ठरवायचं. ब्लॅक कोहोश या जडीबुटीने काही जणींच्या लिव्हरला त्रास झाल्याचं नोंदलंय, तेव्हा "नैसर्गिक आहे" एवढ्यावर विसंबू नका.

१०. दर वर्षी परत ठरवा, आणि थांबायचं कसं

एकदा हो म्हटलं म्हणजे जन्मभर असं नाही. वर्षातून एकदा बीपी, वजन, मॅमोग्राफी वयाप्रमाणे, आणि अजून लागतंय का हा प्रश्न. पाच वर्षांनी बंदच करायची असा पक्का नियम नाही, पण वर्षं वाढतात तसा जोडीच्या औषधाचा कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून दर वेळी नव्याने तोलायचं. कुठलं मोठं ऑपरेशन ठरलं तर सर्जनना आधी सांगा.

थांबवायचं ठरलं तर एकदम किंवा हळूहळू, दोन्ही चालतं. हळू कमी केलं तर सुरुवातीला वाफा कमी उसळतात, लांबचा फरक पडत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर किंवा घरात लग्न-आजारपण चालू असताना थांबवू नका एवढंच माझं म्हणणं. वाफा परत आल्या तर दोन-तीन महिने बघा, मग नसेलच सहन होत तर कमी डोसवर परत जाता येतं का ते विचारा. योनीतलं क्रीम याच्यासोबत बंद करायचं कारण नाही, ते चालू ठेवा.